बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचे पैसे कुणाचे?

प्रति,
यात्रा समित्यांचे अध्यक्ष, पंच मंडळी आणि कुस्ती दंगलींचे आयोजक,
नाशिक जिल्हा.

विषय : मानाच्या कुस्तीची जोड, तिचं इनाम आणि यंदा ठरत असलेली ‘एंट्री’.

स.न.वि.वि.

मार्गशीर्षात ओझरच्या खंडोबापासून सुरू झालेला आपला यात्रांचा हंगाम पौषात नैताळे, चंदनपुरी करत चैत्रात वणीच्या गडावर पोचतो आणि पुढे अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगावी रेंगाळतो. या काळात जिल्ह्यात कुठे ना कुठे माती खोरलेली असते, हलगी वाजत असते. या दंगलींना वर्गणी देणारे, दुपारपासून बांधावर बसणारे आणि शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली की पँट झटकून मुकाट्याने घरी जाणारे जे प्रेक्षक आहेत, त्यांच्या वतीने हे पत्र आहे. यंदा मुकाट्याने जाणं जमणार नाही. काही गावांच्या बैठकांत ठरतंय की मानाच्या कुस्तीच्या पैलवानांना ‘डब्ल्यूडब्ल्यूईसारखी एंट्री’ द्यायची. ट्रसवर दिवे, धुराचं मशीन, डीजे, एलईडी पडदा, सगळं. आणि त्याचा खर्च खालच्या जोडींच्या इनामातून काढायचा.

डब्ल्यूडब्ल्यूई, टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती, आम्हीही बघतो. आवडीने बघतो आणि तिथलं काय चांगलं, काय टाकाऊ हेही आम्हाला कळतं. म्हणून सांगतो, तुम्ही तिथून नेमकी चुकीची गोष्ट उचलताय.

तिकडे निकाल आधी ठरलेला असतो हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या कंपनीने, तेव्हा तिचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं, १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की आमची कुस्ती ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. त्यामागे काही थोर हेतू नव्हता. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर मागे लागायचा, तो टाळायचा होता. पण त्यानंतर निदान बघणारा फसला नाही. तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं की आपण लिहिलेली गोष्ट बघायला आलोय, आणि मग ती गोष्ट नीट लिहिली आहे का, एवढंच तो तपासतो.

ती नीट लिहिली की काय होतं तेही पाहा. तिथल्या रोमन रेन्सकडे चॅम्पियनचा पट्टा १,३१६ दिवस होता, ऑगस्ट २०२० पासून एप्रिल २०२४ पर्यंत. मधे २०२३ च्या रेसलमेनियाला, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या दंगलीला, कोडी रोड्स त्याच्यासमोर उभा राहिला, सगळं स्टेडियम कोडीच्या बाजूने होतं, आणि तो हरला. लोक चिडले. वर्षभराने पुन्हा तीच जोड लागली आणि कोडी जिंकला. पहिली हार नसती तर त्या जिंकण्याला काय किंमत होती? हरणारा माणूस तिथे गोष्टीचा अर्धा भार उचलतो, आणि हरल्याबद्दल त्याचं मानधन कापलं जात नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि तीच कंपनी घिसाडघाई करते तेव्हा कशी आपटते तेही आठवा. जिंदर महाल वर्षानुवर्षं हरण्यासाठीच वापरलेला गडी. मे २०१७ मध्ये एकदम रँडी ऑर्टनला हरवून तो चॅम्पियन. का, तर भारतातला बाजार हवा होता. पूर्वतयारी शून्य. नोव्हेंबरात मँचेस्टरला एजे स्टाइल्सने पट्टा काढून घेतला, आणि डिसेंबरात दिल्लीत, ज्या लोकांसाठी हा सगळा खटाटोप केला त्यांच्याच डोळ्यांदेखत, ट्रिपल एचने त्याला हरवलं. अंगयष्टी आणि नाव पाहून माणूस वर चढवला, त्याच्या कुस्तीकडे कुणी पाहिलंच नाही. दारासिंगांनी १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेव्हा त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची नाव घेण्यासारखी कुस्ती होती.

तुमच्या पत्रकावरची शेवटची जोड जिंदर महालसारखीच असते, फक्त दोन्ही बाजूंनी. दोन मोठी नावं, दोन मोठे फोटो, आकडा लाखात. गेल्या सहा महिन्यांत दोघं कुणाशी लढले, कोण जखमी आहे, एकाचं वजन दुसऱ्यापेक्षा किती जास्त, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. मग हातात हात, पंधरा मिनिटं मानेवर पंजे, पंचांची शिट्टी, दोघांचे हात वर. बरोबरी. फेटे, फोटो, भंडारा.

अशा आधीच ठरवून सोडवलेल्या कुस्तीला मातीत ‘नुरा’ म्हणतात. पण आम्ही पैलवानाला दोष देत नाही आणि हे स्पष्ट लिहितो, कारण खापर नेहमी त्याच्यावर फुटतं. त्याच्या जागी बसून हिशेब करा. हंगाम चार-पाच महिन्यांचा. आज इथे चितपट झाला तर पुढच्या गावी त्याचा आकडा खाली येतो. खरी लढत देताना खांदा निखळला तर सगळा हंगाम गेला, उरलं फक्त खुराकाचं बिल. आणि तुम्ही दोघांना आधीच शब्द दिलेला असतो की निकाल काहीही लागो, अर्धे-अर्धे. मग कोणता शहाणा माणूस कलाजंगसारख्या उचलून टाकायच्या डावाला जाईल? रिंगणातल्या त्या अमेरिकन पैलवानाला हरल्याचे पैसे मिळतात म्हणून तो मनापासून हरू शकतो. तुमच्या मातीत हरणं परवडत नाही आणि जिंकण्याने काही वाढत नाही. अशा हिशेबातून बरोबरीशिवाय दुसरं काय निघणार? नुरा पैलवान करत नाहीत, तुमची इनामाची वाटणी करते.

प्रत्येक बरोबरी खोटी असते असंही नाही. तुल्यबळ जोडीत पहिली पाच-सात मिनिटं खडाखडीत जाणारच, पैलवान समोरच्याची ताकद, तोल, कोणता पाय पुढे येतो हे चाचपत असतो. नवखा प्रेक्षक तिथेच हुर्यो करतो, ते चूक आहे. खोटी कुस्ती ओळखायच्या खुणा वेगळ्या. समोरच्याचा पाय धरून पट काढायला कुणी वाकतच नाही. कब्जा मिळतो, खालचा पैलवान पालथा पडून राहतो, पण वरचा ना घिस्सा ओढतो, ना सवारी भरतो, ना एकलंगीला जातो, नुसता पाठीवर पडून दम खातो. डाव लागतो तो नेमका हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, कडेला, म्हणजे पंच उठवून पुन्हा मधे आणतील. आणि सगळ्यात मोठी खूण श्वास. वीस मिनिटं खरी झुंज दिलेला माणूस उभा राहून माइकवर सत्काराचं उत्तर देऊ शकत नाही.

तेव्हा पहिली मागणी इनामाची. समजा शेवटच्या कुस्तीला तुम्ही तीन लाख ठेवलेत. त्यातले साठ-साठ हजार दोघांना मानधन म्हणून आधीच जाहीर करा, हरो वा जिंको. उरलेले एक लाख ऐंशी हजार फक्त निकालावर, आणि सगळे विजेत्याला. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हाती दोन लाख चाळीस हजार, हरणाऱ्याच्या हाती साठ, आणि जखमी झाला तरी रिकाम्या हाताने जाणार नाही. कुस्ती सुटली तर ते एक लाख ऐंशी हजार त्याच दिवशी, त्याच माइकवरून, खालच्या गटांतल्या निकाली कुस्त्यांच्या विजेत्यांत वाटून टाका. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. राखलेले पैसे कुठे जातात ते गावाला माहीत असतं.

वेळेचंही ठरवा. वीस मिनिटं मोकळी कुस्ती, चितपटीवर. निकाल नाही लागला तर पाच मिनिटं गुणांवर: बाहेर ढकललं तर एक, पाठीमागे जाऊन कब्जा घेतला तर दोन. तेवढ्यातही कोरा फळा राहिला तर जो पहिला गुण घेईल तो जिंकला. गुणांनी मातीची मजा जाते असं जुने वस्ताद म्हणतात, त्यांचा मान राखून सांगावंसं वाटतं की मजा बरोबरीने जास्त जाते. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत नाशिक जिल्ह्याकडून खेळलेला हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला तो ३-२ अशा गुणांवर. समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघं एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. ‘एकाच तालमीचे आहेत, कसे लढणार’ हे कारण जेव्हा तुमच्या माइकवरून ऐकू येतं तेव्हा ही कुस्ती आठवावी. एका गुणाने निकाल लागला आणि जिंकणाऱ्याने हरलेल्या जोडीदाराला खांद्यावर घेतलं. अशी गोष्ट अमेरिकेतल्या लेखकांना बसवायला सहा महिने लागले असते.

दुसरी मागणी वजनाची. आपल्या जिल्ह्यात कांद्याच्या गोणीचं वजन दोनदा होतं, मापाड्याशी भांडण होतं, आणि पैलवानाचं वजन मात्र आपण डोळ्यांनी करतो. ‘जोड दिसायला बरी आहे’ म्हणून सत्तर किलोच्या पोराला ब्याऐंशी किलोच्या गड्यासमोर उभं करता. मग दोनच गोष्टी घडतात. एक तर वीस सेकंदांत लपेट लागून पोरगा अस्मान बघतो, नाहीतर तो पहिल्या सलामीपासून पालथा पडून राहतो आणि बरोबरी मिळवतो. दोन्हींत कुस्ती नाही. सकाळी दहाच्या आत इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन घ्या, मनगटावर शिक्का मारा. सत्तर किलोच्या खाली फरक तीन किलोंच्या आत, त्यावर पाच किलोंच्या आत. महाराष्ट्र केसरीच्या वरच्या गटात ८६ ते १२५ किलो एकत्र लढतात हे आम्हाला माहीत आहे, पण तिथे पोचणारा माणूस चाळण्यांतून गेलेला असतो. आणि ज्यांचं वजन जमत नाही त्यांची जोड लावूच नका. पत्रकावर पन्नास कुस्त्या दिसल्या पाहिजेत हा हट्ट कशासाठी? पंचवीस चांगल्या लागल्या तर दिवस भरतो.

रेवड्यांवरच्या कुस्त्या हा पोरांचा भाग. तिथे वजनाबरोबर उंची आणि वय पाहा, आणि भर दुपारी दोनला, माती तापलेली असताना त्या उरकून टाकू नका. त्या पोरांतूनच उद्याची मानाची जोड निघणार आहे.

आता माती. याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मातीचा आणि बरोबरीचा संबंध आयोजकांच्या लक्षातच येत नाही. निफाड, येवल्याकडची काळी माती पिकाला सोन्यासारखी, आखाड्याला कुचकामी. पाणी मारलं की पायाला चिकटते, वाळली की ढेकळं. शेतातला एक कोपरा नांगरून, वरून लाल मातीची एक ट्रॉली पसरून हौदा होत नाही. वरचा दोन बोटांचा थर पहिल्या दहा कुस्त्यांत बाजूला सरकतो आणि खाली कडक जमीन लागते. अशा जमिनीवर ढाक किंवा कलाजंग मारला तर पडणाऱ्याचा खांदा नाहीतर मान जाते. पैलवानाला हे पायाला लगेच कळतं. मग तो उचलण्याचे डाव टाकतच नाही, मानेला मान लावून ढकलत राहतो. म्हणजे मानाची कुस्ती कंटाळवाणी होण्याची सुरुवात ट्रॅक्टरवाल्यापासून झालेली असते.

लाल माती बारीक चाळून घ्या, खडा आणि काचेचा तुकडा दोन्ही निघाले पाहिजेत. खोरलेला मऊ थर किमान वीतभर हवा. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर यांची मात्रा प्रत्येक वस्तादाची वेगळी, त्यात आम्ही पडत नाही. पण ती यात्रेच्या सकाळी ओतून उपयोग नाही, तीन-चार दिवस आधी घालून रोज खालीवर करावी लागते. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा, पहाटे पुन्हा खोरा, फळी फिरवून सारखी करा. मग मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. फुटला नाही तर ओली आहे, पाय रुतून राहतो, अंग फिरतं आणि गुडघा जातो. गोळाच झाला नाही तर कोरडी आहे, धूळ डोळ्यांत जाईल. दर आठ-दहा कुस्त्यांनंतर पाच मिनिटं थांबून माती पुन्हा खोरायला चार माणसं नेमा. हौदा तीस फुटांपेक्षा लहान नको. गादीवरचं (मॅटवरचं) वर्तुळही ९ मीटरचं, म्हणजे जवळपास तेवढंच असतं. लहान हौद्यात कड लगेच येते, आणि कड म्हणजे नुरा करणाऱ्याची सावली.

धुराचं मशीन या मातीवर आणणार असाल तर एवढंच सांगतो, की त्या मशीनच्या द्रवाचा थर खाली बसतो. तो पैलवानाच्या तळपायाखाली यायला नको.

पंच. हौद्यात एक, कडेला दोन समोरासमोर, तिघंही दोन्ही तालमींबाहेरचे. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले, हे कुस्तीआधी माइकवर वाचून दाखवा. दोन कोपऱ्यांतून दोन मोबाइलवर चित्रण करा, तिपायीवर, कुणाच्या भाच्याच्या हातात नव्हे. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही या एका मुद्द्यावरून काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. तिथे गादी होती, कॅमेरे होते, तरी ही गत. तुमच्याकडे तर निर्णयाच्या क्षणी हौद्यात पंचांव्यतिरिक्त तीस-चाळीस जण उभे असतात, त्यातले निम्मे पांढऱ्या कपड्यांत फोटोसाठी. बांधावरच्या माणसाला कुस्ती दिसत नाही, फक्त पाठी दिसतात. सत्कार कुस्त्यांच्या आधी उरका. हौद्याभोवती पंधरा फुटांवर दोर बांधा आणि आमदारसाहेब आले तरी तो सोडू नका.

मुलींच्या कुस्त्यांबद्दल एकच म्हणणं. मुलगी विरुद्ध मुलगा अशी ‘आकर्षण’ म्हणून जोड लावणं बंद करा. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. तेव्हा ‘मुली कुठे मिळतात’ हा प्रश्न आता विचारायचा नाही. त्यांना वजनाची जोड, कपडे बदलायला बंद खोली आणि मुलांइतकंच इनाम द्या.

आणि शेवटी तुम्हाला जी ‘एंट्री’ हवी आहे, तिच्याबद्दल. लोकांनी पैलवान आत येताना उठून उभं राहावं, ही इच्छा चांगली आहे. पण डिजेने लोक उठत नाहीत, माहितीने उठतात. रोमन रेन्सचे १,३१६ दिवस कुणीतरी मोजले म्हणून त्याची गोष्ट झाली. तुमच्याकडे गेल्या वर्षीच्या यात्रेत कोण कुणाकडून कोणत्या डावावर हरलं, याची नोंद आहे? वर्गणीची वही असते, पावती पुस्तकं असतात, भंडाऱ्याच्या साखरेचा हिशेब असतो. कुस्त्यांची वही नाही. दोनशे पानी वही विकत घ्या: नाव, गाव, तालीम, वस्ताद, वजन, समोरचा पैलवान, डाव, किती मिनिटांत. तीन वर्षांनी ती वही उघडून निवेदक सांगू शकेल की हा सिन्नरचा पोरगा दोन वर्षांपूर्वी याच मातीत याच गड्याकडून घिश्श्यावर हरला होता, मधे सहा किलो वजन वाढवलं, आज पुन्हा तोच समोर आहे. बघा बांध उठतो की नाही. आज निवेदकाला काही माहीतच नसतं, म्हणून तो पंधरा मिनिटं देणगीदारांची नावं वाचतो आणि उरलेल्या वेळात प्रत्येक पैलवानाला ‘महाराष्ट्राचा ढाण्या वाघ’ म्हणतो. एका दिवसात एवढे वाघ ताडोबातसुद्धा दिसत नाहीत.

ट्रस, धूर आणि पडद्याचे पैसे वाचवून काट्याला, मातीला आणि पंचांच्या मानधनाला लावा. रुग्णवाहिका आणि डॉक्टर पहिल्या कुस्तीपासून हजर हवेत, शेवटच्या कुस्तीला पाहुण्यांबरोबर येणारे नकोत. हलगी मात्र ठेवा, तिच्या तालावर शड्डू ठोकला जातो, त्याला दुसरा पर्याय नाही.

ज्यांना तरीही ठरवूनच कुस्ती लावायची आहे त्यांनी लावावी, आमची हरकत नाही. फक्त पत्रकावर ‘प्रदर्शनीय कुस्ती’ असं मोठ्या अक्षरांत छापा, दोघांना सारखं मानधन द्या आणि त्यांच्याकडून वीस डाव दाखवून घ्या. पोरं शिकतील तरी. ‘निकाली कुस्ती’ छापून ती सोडवायची आणि वर आमच्याच वर्गणीतून फेटे बांधायचे, हे बंद व्हावं.

पत्रकं छापायला टाकण्याआधी तुमची एक बैठक होते. त्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवावं आणि यंदाच्या पत्रकावर प्रत्येक जोडीपुढे दोन जास्तीचे रकाने ठेवावेत: वजन, आणि कुस्ती सुटली तर पैसे कुणाला. हे दोन रकाने ज्या पत्रकावर असतील त्या गावची वर्गणी आम्ही पहिल्या दिवशी देऊ. नसतील तिथे यात्रेला येऊ, देवदर्शन घेऊ, भंडारा खाऊ, आणि दंगलीच्या पावतीला हात लावणार नाही.

आपले,
बांधावरचे प्रेक्षक,
नाशिक